अंगणात शाळा नेणाऱ्या अनुताई वाघ

(तृतीय वर्ष कला, मु. पो. निमोणे, ता. शिरूर)

अष्टविनायकांची यात्रा मोरगावपासून सुरू करावी आणि मोरगावीच पुरी करावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. रांजणगावचा महागणपती आमच्या तालुक्यातलाच. त्यामुळे आम्हा निमोणेकरांना यात्रेकरूंच्या गाड्या नव्या नाहीत. पण मोरगावला माथा टेकवून परतणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की याच गावात १७ मार्च १९१० रोजी एक मुलगी जन्मली आणि पुढे तिने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील लहान मुलांच्या शिक्षणाचा मार्ग बदलून टाकला? ती मुलगी म्हणजे अनुताई वाघ. आज अंगणवाडी नाही असे खेडे सापडणे कठीण. परंतु अंगणवाडी या शब्दामागचे अंगण कोणाचे, तेथे शाळा कोणी नेली आणि का नेली, हे आपण सारे जवळजवळ विसरलो आहोत. म्हणून हा लेखप्रपंच.

अनुताईंचे बालपण फार लवकर संपले. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि अवघ्या सहा महिन्यांत त्यांच्या कपाळी वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो मोडला. त्या काळच्या बालविधवेचे जिणे आपल्याला कथा-कादंबऱ्यांतून ठाऊक आहे. घराचा एक अंधारा कोपरा, दुसऱ्यांच्या मुलांचे करणे, मंगल कार्यात मागे राहणे आणि असे करता करता आयुष्य सरणे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढून या कोपऱ्याला एक दार केले होते खरे. पण त्या दारापर्यंत पोचणाऱ्या मुली किती? बहुतेकींच्या नशिबी कोपराच असे.

अनुताईंच्या घरच्यांनी मात्र त्यांना शिकू दिले. त्यांनी पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि १९२५ साली व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास त्या काळी प्राथमिक शाळेत नोकरी मिळू शकत असे, त्यामुळे खेड्यापाड्यांत तिला मोठा मान होता. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. १९२९ साली ते पुरे झाले आणि एकोणीस वर्षांची ही तरुणी शिक्षिका म्हणून उभी राहिली. काही वर्षे नाशिक जिल्ह्यात नोकरी केल्यावर त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या. १८८४ साली निघालेली ही मुलींची शाळा म्हणजे स्त्रीशिक्षणाचा बालेकिल्लाच. तेथे त्यांनी १९४४ पर्यंत शिकविले. दिवसा शिकवावे आणि रात्री शिकावे, असा त्यांचा क्रम असे. रात्रशाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या.

येथपर्यंतचे आयुष्य पाहिले तरी ते कौतुकास पात्रच आहे. एका बालविधवेने स्वतःच्या पायावर उभे राहावे, पुण्यासारख्या शहरात प्रतिष्ठित शाळेत स्थिर व्हावे, यापरते आणखी काय हवे? पस्तिशी आली होती. पगार ठरलेला होता. पण माणसाची खरी ओळख बहुधा अशाच वळणावर पटते. देशभर स्वातंत्र्याचे वारे होते, गांधीजींनी खेड्याकडे चला म्हणून हाक दिली होती आणि शहरातील सुरक्षित नोकरी अनुताईंच्या मनाला पुरेनाशी झाली होती.

१९४४ साली कस्तुरबा गांधी यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक निधी उभा राहिला आणि ग्रामसेविका तयार करण्यासाठी शिबिरे भरू लागली. १९४५ साली बोरिवली येथे भरलेल्या अशाच एका शिबिराला अनुताई गेल्या. तेथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या. पदवीधर झालेल्या त्या पहिल्या काही पिढ्यांतल्या स्त्रिया. वैवाहिक जीवनातील दुःख बाजूला सारून त्या राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयात गेल्या आणि तेथून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. माँटेसरीबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की मूल कानाने शिकण्याआधी हाताने शिकते. वस्तू हाताळावी, लावावी, मोडावी, पुन्हा जुळवावी, यातूनच त्याची बुद्धी घडते. मोठ्यांनी शिक्षा करू नये, बक्षीस दाखवू नये. योग्य साधने मुलापुढे ठेवावीत आणि बाजूला सरावे. गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. ते उत्तम चालले.

पण ताराबाईंना एक प्रश्न सतावीत होता. माँटेसरीबाईंची पहिली शाळा १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत निघाली होती. मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धती आपल्या देशात मात्र सुखवस्तू घरांतील मुलांची मिरासदारी होऊन बसली. तिची गुळगुळीत लाकडी साधने महाग, ती वापरायला शिकलेल्या शिक्षिका थोड्या आणि शाळेची फी मध्यमवर्गालाही जड. मग खेड्यातील मुलाने काय करावे? गांधीजींचाही आग्रह हाच होता, की हे शिक्षण गरिबाच्या झोपडीपर्यंत जायला हवे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी दादर सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षण केंद्र काढले. त्यांना सोबतीण हवी होती आणि अनुताईंना वाट हवी होती. १९४५ साली अनुताई बोर्डीस गेल्या, त्या पुण्यास परतल्याच नाहीत.

त्या वेळचा डहाणू तालुका कसा होता हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येते. किनाऱ्यावर वाड्या आणि बागा, आत जंगल आणि वारल्यांचे पाडे. वारली शेतमजूर सावकार-जमीनदारांच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले. लग्नासाठी थोडे पैसे उचलावेत आणि त्यापायी नवराबायकोने धन्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, अशा माणसाला लग्नगडी म्हणत. याच १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला होता. पांढरपेशा माणूस दिसला की पाड्यावरची मुले रानात पळून जावीत, यात नवल ते काय? त्या मुलांनी पांढऱ्या कपड्यातला माणूस वसुलीला आलेलाच पाहिला होता.

बालवाडी निघाली, पण जिच्यासाठी निघाली ती मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. पाच वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. अंगावर धड कपडा नसे, नाक वाहत असे, अंगाला खरूज झालेली असे. अशा मुलीने स्वच्छ होऊन, वेळेवर, भावाला घरी ठेवून शाळेत यावे ही अपेक्षाच चुकीची होती. दुसऱ्या कोणी म्हटले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाई आणि अनुताई यांनी दोष आपल्या शाळेला दिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा साधा विचार त्यांनी केला आणि साहित्य बरोबर घेऊन त्या वस्तीवरच्या अंगणात जाऊन बसल्या. हीच अंगणवाडी.

अंगणात पहिला धडा अक्षरांचा नव्हता, पाण्याचा होता. मुलांची तोंडे धुवावीत, नखे कापावीत, केस विंचरावेत. मग गाणे, मग गोष्ट, मग खेळ. धाकटी भावंडेही तेथेच रांगत, म्हणजे थोरल्या बहिणीलाही शिकता येई. बायका कामावरून येता-जाता पाहत. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला, पण बसला.

आता प्रश्न साधनांचा. येथे अनुताईंच्या शिक्षकी बुद्धीचा खरा कस लागला. माँटेसरीची पेटी विकत घेणे शक्य नव्हते. परंतु त्या पेटीत काय आहे हे नीट पाहिले, तर तिचे सारे काम निसर्ग फुकट करतो हे त्यांनी ओळखले. लहानमोठे ठोकळे कशासाठी? आकाराचा भेद कळावा म्हणून. मग लहानमोठे गोटे ओळीने लावले तर तेच साधते. रंगांच्या पट्ट्या कशासाठी? रंगाच्या छटा ओळखाव्यात म्हणून. मग कोवळ्या पोपटी पानापासून पिकल्या पिवळ्या पानापर्यंतची रांग काय वाईट? समुद्रकाठी शंख-शिंपले होते. चिकूच्या बागांत बिया होत्या. चिंचोके होते, बांबूच्या कांड्या होत्या, ताडाची पाने होती आणि माती तर मुबलक होती.

हे केवळ काटकसरीचे काम होते असे समजू नये. त्यामागे एक क्रम होता. मिसळलेल्या बिया निवडून वेगळ्या करताना मुलाची नजर तयार होते. त्या दोऱ्यात ओवताना अंगठा आणि शेजारचे बोट यांची चिमूट घट्ट होते, आणि पुढे पेन्सिल धरायची ती याच चिमटीने. माती मळताना मनगटात बळ येते. तिची वळकटी करून ती वाकवली की ग चा काना दिसतो, म चे पोट दिसते. वाळूवर बोटाने अक्षर गिरविले की त्याचे वळण हातात बसते. एवढे झाल्यावर जेव्हा पाटी पुढे येते, तेव्हा मूल घाबरत नाही, कारण लिहिण्याची तयारी त्याच्या हाताने आधीच केलेली असते. आपण बहुतेक जण उलटे शिकलो. आधी पाटी, मग ग म भ न, मग छडी, आणि हातकाम म्हणजे शनिवारचा रिकामा तास! अनुताईंच्या शाळेत हातकाम आणि भाषा हे दोन विषय नव्हतेच. मातीचा बैल केला की त्याच्याविषयी बोलावेसे वाटते. बोललेले शब्द चिठ्ठीवर लिहून त्या बैलापुढे ठेवले, की ते वाचावेसे वाटतात. वाचन याहून वेगळे असते काय?

भाषेच्या बाबतीत तर ही दृष्टी फारच मोलाची ठरली. वारली मूल घरी जी बोली बोलते ती पुस्तकी मराठीहून निराळी. शाळेत पाऊल टाकताक्षणी तुझे बोलणे अशुद्ध असे त्याला सांगितले, तर ते तोंडच मिटून घेते. म्हणून प्रारंभ मुलाच्या शब्दांनी करायचा, त्याच्या गाण्यांनी आणि नाचांनी करायचा, आणि हळूहळू प्रमाण भाषेकडे जायचे, असा मार्ग येथे धरला गेला. ज्या समाजाच्या बायका लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्या समाजाच्या मुलांना रेघ आणि आकार परके कसे असतील? आज वारली चित्रकला जगभर पोचली आहे. पण ज्या काळात या लोकांना रानटी म्हणत, त्या काळात त्यांच्या मुलांच्या बोटांत शहाणपण आहे हे या दोघींनी ओळखले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यभागी हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली चालविण्याचा विकासवाडीचा प्रयोग झाला. त्यामुळे तान्हे मूल, त्याला सांभाळणारी बहीण आणि तिचा मोठा भाऊ अशी तिघेही एकदमच शाळेत येऊ शकत. तरीही मोठी मुले गळतच, कारण ती गुरे राखायला जात. मग शाळा पुन्हा उठली आणि कुरणात गेली. गुरे चरत आहेत, झाडाखाली पोरे बसली आहेत, काठीने जमिनीवर अक्षरे उमटत आहेत, आणि एक डोळा गुरांवर आहे, अशी ती कुरणशाळा. ज्यांना दिवसाही जमेना त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग निघाले. शाळेची वेळ, जागा, इमारत यांपैकी काहीही पवित्र नाही, पवित्र आहे ते मूल, हे अनुताईंनी कृतीने दाखवून दिले.

हे सारे सुरळीत पार पडले असे मात्र म्हणता येणार नाही. पावसाळा संपून गवतकापणीचा हंगाम आला की अख्खी कुटुंबे कामावर जात, वीटभट्ट्यांवर जात आणि वर्ग ओस पडत. मुले परत येत तेव्हा कित्येकदा शिकलेले विसरलेली असत. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. गरिबीचा प्रश्न शाळा एकटी सोडवू शकत नाही, हे सत्य अनुताईंना कोसबाडइतके दुसऱ्या कोठेही उमगले नसते. तरी त्या थांबल्या नाहीत. डोळ्यांच्या दुखण्याने गांजलेल्या असतानाही त्यांनी अभ्यास केला आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्या पदवीधर झाल्या. परीक्षेच्या नावाने चळचळा कापणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी याची थोडी लाज बाळगावी!

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि अठ्ठावीस वर्षांची जोडी फुटली. साठी ओलांडलेल्या अनुताईंनी सर्व भार आपल्या खांद्यावर घेतला. बालसेविकांचे प्रशिक्षण, मासिकाचे संपादन, लेखन, आदिवासी स्त्रियांसाठीचे काम असे अनेक व्याप त्यांनी सांभाळले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८५ साली त्यांना पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. आयुष्याच्या उतारावर, रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मोरगावला सुरू झालेली यात्रा मोरगावी संपली नाही. ती कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. एखाद्या विचाराला याहून मोठे यश काय हवे? पण येथेच थोडे थांबून विचार करावासा वाटतो. शब्द गेला, त्याबरोबर पद्धतीही गेली काय? अंगणवाडीत आहार मिळतो, वजन घेतले जाते, लशी टोचल्या जातात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु मानधनावर राबणाऱ्या सेविकेचा दिवस नोंदवह्या आणि माहिती भरण्यात गेला, तर बिया ओवायला आणि माती मळायला वेळ कोठून उरणार? दुसरीकडे आपण पालकही कमी नाही. साडेतीन वर्षांच्या पोराने शंभरपर्यंत अंक आणि इंग्रजी अक्षरे लिहून दाखवली नाहीत, तर आपल्याला शाळा वाईट वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा काळ शिक्षणाचा पाया मानून खेळातून आणि कृतीतून शिकविण्यास सांगितले आहे. कोसबाडच्या टेकडीवर जे सत्तर वर्षांपूर्वी घडत होते, ते आपण नवे म्हणून वाचतो आहोत!

आमच्या शिरूर-दौंड भागात जंगल नाही आणि वारली पाडे नाहीत. पण ऊसतोडणीच्या हंगामात टोळ्या येतात, उसाच्या पाचटाच्या कोपी उभ्या राहतात आणि त्यांच्या दाराशी पाच वर्षांची बहीण धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. मेंढरे घेऊन वाड्यामागून वाडे जातात आणि त्यांच्याबरोबर पोरेही. त्या मुलांचे अंगण रोज बदलते. त्या अंगणापर्यंत शाळा पोचली पाहिजे, हा अनुताईंचा धडा आम्हाला कोसबाडइतकाच लागू आहे. साधने तर येथेही विपुल आहेत. ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या आपण लहानपणी केल्या आहेत. पोळ्याला काळ्या मातीचे बैल घडविले आहेत. चिंचोके आणि बोरांच्या आठळ्या खिशात बाळगल्या आहेत. ते सारे शिक्षण होते, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही.

आपल्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत जातात. रस्ते होतात, झाडे लागतात, गावसफाई होते. त्यातील एखादा तास अंगणवाडीत मांडी घालून बसण्यासाठी काढला तर? सोबत एक गोष्ट आणि मूठभर चिंचोके न्यावेत. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील, त्याहून अधिक जण आईबाप होतील. समोरच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबण्याआधी त्या हाताकडे नीट पाहावे, एवढे जरी आपल्याला जमले, तरी तेराव्या वर्षी कोपऱ्यात बसण्याचे नाकारून हजारो मुलांच्या अंगणात जाऊन बसलेल्या मोरगावच्या या लेकीचे आपण थोडेसे ऋण फेडले असे होईल.